केबिन क्रूची नोकरी, गावाकडचा नवरा: नातं सांभाळायचं तर रोस्टरपासून सुरुवात करा

माझा बेस, म्हणजे जिथून माझ्या फ्लाइट सुरू होतात ते शहर, दुबई. नवरा कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, तीन पाळ्यांत. लग्नाआधीपासून हे असंच चालू आहे. नव्यानं भरती झालेल्या मराठी पोरी, आणि हल्ली पोरंसुद्धा, ट्रेनिंग संपायच्या आत विचारतात, "ताई, टिकतं कसं हो?" त्यांना वाटतं, मी आता विश्वास, समजूतदारपणा वगैरे सांगणार. ते लागतंच. पण ते सैन्यातल्या माणसाच्या बायकोलाही लागतं आणि मर्चंट नेव्हीतल्याच्याही. बोटीवरचा माणूस जातो, काही महिन्यांनी येतो, आणि तो कधी येणार हे घरच्यांना साधारण ठाऊक असतं. आपण महिन्यातून कितीतरी वेळा जातो आणि येतो, आणि पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आपण कुठल्या खंडात असू हे आज आपल्यालाही माहीत नसतं. घरचं माणूस कंटाळतं ते याला. किलोमीटर मोजून कुणी कंटाळत नाही.

म्हणून खाली जे लिहिलंय ते बरंचसं हिशेबी आहे. गुलाबाची फुलं कुठून मागवायची ते इथं सापडणार नाही.

रोस्टर दोघांनी मिळून वाचायचा

महिना संपत आला की पुढचा रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांचा तक्ता, येतो. तो आला की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास काढून तो एकत्र वाचतो. स्क्रीनशॉट पाठवून "बघून घे" म्हणायचं नाही. रोस्टर वाचणं ही एक विद्या आहे आणि घरच्या माणसाला ती शिकवावी लागते. टर्नअराउंड म्हणजे जाऊन त्याच विमानानं परत, लेओव्हर म्हणजे तिकडं हॉटेलात मुक्काम, डेडहेड म्हणजे प्रवासी म्हणून बसून जायचं, रिकरंट म्हणजे वर्षाची सेफ्टीची परीक्षा (त्या आठवड्यात माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये). हे शब्द त्याला कळायला लागले तेव्हा आमचे निम्मे गैरसमज मिटले.

सगळ्यात मोठा सापळा तारखेचा. बऱ्याच कंपन्या रोस्टर झुलू वेळेत, म्हणजे यूटीसी या जगभर एकच धरलेल्या वेळेत देतात, काही बेसच्या वेळेत. तुमचा कशात आहे ते आधी बघा. समजा १४ तारखेसमोर २१४५ झुलू असं लिहिलंय. दुबईत ती १५ तारखेची पहाटे पावणेदोनची वेळ झाली, कोल्हापुरात पहाटे सव्वातीन. घरचं माणूस काय म्हणतं? "फ्लाइट पंधराला आहे ना, मग चौदाची संध्याकाळ मोकळी!" ती संध्याकाळ मोकळी नसते. पावणेदोनला उडायचं तर त्याआधी रिपोर्टिंग, त्याआधी बस, त्याआधी केस, मेकअप, युनिफॉर्म. म्हणजे दहाला उठायला हवं. दहाला उठायचं तर दुपारी तीन-चारपासून झोपायला हवं. सात वाजता "सहज" केलेला फोन म्हणजे रात्रभराच्या ड्युटीतून काढून घेतलेली झोप.

म्हणून फोनवरच्या सामायिक कॅलेंडरमध्ये आम्ही फ्लाइटच्या आधी झोप टाकतो. झोपेचा तुकडा लाल, सुट्टी हिरवी, स्टँडबाय पिवळा. त्याच्या पाळ्याही त्याच कॅलेंडरमध्ये असतात: पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्रीची. भट्टीजवळ त्याचा फोन लॉकरमध्ये असतो, विमानात माझा बॅगेत. दोघांचेही रंग एकावर एक पडले की जे पांढरं उरतं ते आमचं. काही आठवड्यांत ते फारच थोडं असतं. तरी ते आधी दिसलं म्हणजे त्याचा राग येत नाही.

आणि एक: हे कॅलेंडर फक्त त्याच्याकडे. रोस्टरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमात ते बसत नाही, आणि कुठल्या हॉटेलात कधी उतरणार हे मावसभावाच्या मेव्हण्याला कळायची गरजही नाही.

पिवळ्या दिवसाचं वचन देऊ नका

स्टँडबाय घरच्यांना समजावणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. सासूबाई म्हणायच्या, "घरीच आहेस म्हणतीस, मग बोल की निवांत." घरी असते, पण बॅग भरलेली, केस बांधलेले, फोन हातात. क्रू कंट्रोलचा, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसचा, फोन आला की निघायचं. तो मँचेस्टरचा असू शकतो, कोलंबोचा असू शकतो, किंवा दिवसभर येणारच नाही. बॅगेत स्वेटरही असतो आणि सुती कपडेही.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल ठरवायचा नाही, वाढदिवसाचा केक कापायचा नाही, नणंदेच्या साखरपुड्याला ऑनलाइन हजर राहीन असं म्हणायचं नाही. फोन आलाच नाही आणि वेळ मिळाला, तर तो वरकड. मी नवऱ्याला सांगून ठेवलंय की पिवळा दिवस हा तुझा दिवस. मित्रांबरोबर जा, रंकाळ्यावर जा, माझ्या फोनची वाट बघत घरी बसू नको. वाट बघायला लावून न येणं हे दूर असण्यापेक्षा वाईट.

अमेरिका जवळ आहे, सिडनी लांब

बोलण्याच्या दृष्टीनं जगाचा नकाशा वेगळा असतो. सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास. तिथं सकाळी साडेसातला मी उठून कॉफी करते तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे आठ. पहिल्या पाळीचा आठवडा असेल तर तो जेवून निवांत बसलेला असतो. आम्ही सगळ्यात जास्त बोललोय ते अमेरिकेच्या लेओव्हरवर. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, तिथली सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ, तेही बरं. लंडन साडेचार तास, मधलंच काहीतरी. सिडनी मात्र त्यांच्या हिवाळ्यात आपल्यापुढे साडेचार तास, उन्हाळ्यात साडेपाच. तिथं मी मोकळी होते रात्री नऊला, तेव्हा इथं दुपारचे साडेचार किंवा साडेतीन, आणि दुसरी पाळी असेल तर तो भट्टीवर. तो उठतो तेव्हा मी पिकअपच्या तयारीत. सिडनीला आम्ही बोलायचा प्रयत्नच करत नाही, व्हॉइस नोट टाकतो.

घड्याळं बदलतात तेव्हा जपा. भारतात आणि अमिरातीत वेळ वर्षभर तीच, आपल्यात आणि दुबईत कायम दीड तास. अमेरिका मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप आणि ब्रिटन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत सगळे पाढे चुकतात. फोनमधल्या वर्ल्ड क्लॉकवर दोन्ही शहरं लावून ठेवा, तोंडी हिशेब नको.

व्हॉइस नोटबद्दल. नवीन लोकांना वाटतं, ही कॉलची गरीब बहीण. माझं मत उलटं आहे. कॉलमध्ये दोघं दमलेले असले की "जेवलीस का, झोपलास का" यापुढे गाडी जात नाही. व्हॉइस नोटमध्ये तो मोटारसायकल स्टँडला लावता लावता सांगतो की आज कास्टिंगचा एक आख्खा लॉट रिजेक्ट झाला आणि साहेब कसे तापले. मागे ट्रकचा हॉर्न, कुणीतरी "ए दाजी, चल की च्या घ्यायला" म्हणतंय. मी ती हॉटेलच्या खोलीत बूट काढता काढता ऐकते. मला त्याचा दिवस कळतो. लिहिलेल्या मेसेजमध्ये दिवस कळत नाही. फक्त एक पथ्य: पाच मिनिटांपेक्षा मोठी नोट टाकू नका, आणि तक्रारीची नोट तर अजिबात नको. तक्रार समोरासमोर, निदान चेहरा दिसेल अशी.

फोन लागेल असं धरून चालू नका

दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, व्हॉइस नोट जातात, पण कॉल लागत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक नव्या मुलीचं घर यावरून घाबरतं: "फोन उचलत नाही!" बॉटिमसारखी परवानगी असलेली ॲप्स तिथं चालतात, झूम आणि गूगल मीट चालतं. घर सोडण्याआधी आई-वडिलांच्या फोनमध्ये यातलं एक टाकून, समोर बसून दोनदा कॉल करून बघा. विमानतळावर निरोप घेताना हे जमत नाही, तेव्हा सगळे रडत असतात. व्हीपीएनच्या भानगडीत पडू नका. अमिरातीत त्याचा कायदा कडक आहे आणि पणाला नोकरी लागते.

चीनच्या लेओव्हरआधी घरी सांगून ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲपही चालत नाही आणि गूगलही. आपल्या बेसच्या सिमचं रोमिंग घेतलं तर बहुधा चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतो. रोमिंग महाग वाटलं तर नुसता एसएमएस पाठवायचा ठरवा, पण काय ते आधी ठरवा.

उतरलं म्हणजे सुटलं नाही

माझ्या सासऱ्यांना विमानं ट्रॅक करायचं ॲप मिळालं आणि घरात एक स्वतंत्र हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष सुरू झाला. "सव्वाअकराला उतरलीस, फोन पावणेएकला! दीड तास कुठं होतीस?"

तर हे घरच्यांना आधीच सांगा. चाकं टेकली की विमान पार्किंगपर्यंत जातं, प्रवासी उतरतात, व्हीलचेअरची वाट बघावी लागते, मग आम्ही केबिन तपासतो, मग सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, बॅगा, सगळा क्रू जमेपर्यंत बस थांबते, मग हॉटेल. शहर मोठं असेल तर हॉटेलपर्यंतच तास. या सगळ्यात युनिफॉर्ममध्ये फोन कानाला लावून चालणं आमच्याकडे चालत नाही.

विमान मुंबईवर गोल गोल फिरताना दिसलं तर त्याला होल्डिंग म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यात किंवा गर्दीच्या वेळी वर थांबायला लागणं नेहमीचं. समुद्रावर गेल्यावर विमान नकाशावरून नाहीसं झालं तरी घाबरायचं नाही. अशी ॲप्स बरीचशी जमिनीवरच्या रिसिव्हरवर चालतात आणि समुद्रात ते नसतात. त्याच नंबरचं विमान रोज जातं, म्हणून तारीख बघून ट्रॅक करायचं. आणि ऐन वेळी क्रू बदलतो, तेव्हा रोस्टरवरच्या विमानात मी असेनच असंही नाही.

यासाठी आमच्याकडे तीन मेसेज ठरलेत. "निघाले" आणि खऱ्या फ्लाइटचा नंबर. "उतरले". "खोलीत, झोपते". बास. हे तीन मेसेज कितीही दमले तरी जातात, आणि त्यांना उत्तर द्यायचं बंधन नाही. "झोपते" आल्यावर आठ तास कुणी फोन करायचा नाही, तातडीचं काही असेल तरच.

एक चौथा मेसेज आम्ही नंतर वाढवला. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. त्यात दहा केबिन क्रू होते, दोन वैमानिक होते. त्या दुपारी आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरून फोन आला असेल, मग ते कुठल्याही कंपनीत असोत आणि कुठल्याही देशात. तेव्हापासून ठरलंय: जगात कुठंही विमानाची वाईट बातमी आली आणि माझ्या हातात फोन असेल, तर कुणी विचारायच्या आधी मी "ठीक आहे, इथं आहे" एवढं टाकते. आणि हातात फोन नसेल तर कॅलेंडर बघून ती वेळ हवेतली आहे हे त्यानं आई-वडिलांना सांगायचं.

भांडण

भांडण होणारच. प्रश्न फक्त वेळेचा. रिपोर्टिंगच्या आधीच्या चार तासांत भांडण काढायचं नाही. नाजूकपणा म्हणून हे सांगत नाही, ही कामाची गोष्ट आहे. ब्रीफिंगमध्ये सेफ्टीचे प्रश्न विचारतात. उत्तर धड आलं नाही तर फ्लाइटवरून उतरवूही शकतात. पुढे टेकऑफच्या वेळी जंपसीटवर, म्हणजे दरवाजाजवळच्या क्रूच्या सीटवर, बसून प्रत्येक क्रू मनातल्या मनात उजळणी करतो: काही झालं तर माझा दरवाजा कसा उघडायचा, बाहेर आग आहे का ते आधी बघायचं, कुठल्या आज्ञा ओरडायच्या, मदतीला कुठला प्रवासी घ्यायचा. सायलेंट रिव्ह्यू म्हणतात त्याला. त्या वेळी डोक्यात "तू माझ्या आईला असं का म्हणालास" चालू असेल तर ते समोर बसलेल्या माणसांवर अन्याय आहे.

रात्रीच्या टर्नअराउंडनंतरही भांडायचं नाही. रात्रभर जागून सकाळी घरी आलेला माणूस काय बोलतो ते त्यालाच कळत नसतं. आमच्याकडे "राखून ठेव" असं म्हणायची पद्धत आहे. ज्याला राग आलाय त्यानं फोनमध्ये एका ओळीत लिहून ठेवायचं, आणि पुढच्या हिरव्या दिवशी काढायचं. निम्म्या वेळा ती ओळ वाचून कशाबद्दल होतं तेच आठवत नाही. उरलेल्या निम्म्या वेळा मात्र खरंच बोलायचं, टाळायचं नाही. राखून ठेवलेलं कायमचंच राखून राहिलं तर ते पुढे महागात जातं.

संशयाबद्दल दोन वाक्यं, कारण गावाकडं हा प्रश्न कुणीतरी काढतंच: "हॉटेलात राहते म्हणजे…" मोठ्या कंपनीत जवळजवळ प्रत्येक फ्लाइटला क्रू नवा असतो. आज ज्यांच्याबरोबर चौदा तास काढले त्यातली निम्मी माणसं पुन्हा आयुष्यात दिसत नाहीत. खोल्या वेगळ्या, उठण्याच्या वेळा वेगळ्या. या नोकरीत खरा त्रास एकटेपणाचा आहे, आणि ते जोडीदाराला मोकळेपणानं सांगितलं तर नसत्या शंका कमी होतात. मी कुणाबरोबर जेवायला गेले, कोण मजेशीर होतं, कोण कटकटी होतं, सगळं सांगते. लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायला सांगत नाही. त्याला माझ्या दिवसातली माणसं माहीत असावीत म्हणून सांगते.

घरी आल्यावर

सगळे सल्ले फोनबद्दल देतात. माझ्या मते नातं फोनवर बिघडत नाही, सुट्टीत बिघडतं.

दुबईहून मुंबई साधारण तीन तास. पण मुंबईहून कोल्हापूर अजून पावणेचारशे किलोमीटर. रात्रीची महालक्ष्मी मिळाली तर सकाळी दारात. विमानाच्या वेळा कधी जुळतात, कधी नाहीत. म्हणजे चार दिवसांच्या सुट्टीतला एकेक दिवस दोन्ही टोकांना प्रवासात गेला. उरले दोन. त्या दोन दिवसांत आत्याकडं जेवण, माहेरी मुक्काम, अंबाबाईचं दर्शन, शेजारच्यांच्या बारशाला हजेरी. नवरा भेटतो ते मागच्या सीटवर बसून, स्कूटर चालवतानाची त्याची पाठ.

त्यामुळे पहिला दिवस कुणालाही द्यायचा नाही. मी आल्याचं आम्ही दुसऱ्या दिवशी जाहीर करतो. पहिल्या दिवशी मी झोपते, तो पाळी असेल तर कामाला जातो. हो, जातो. मी आले म्हणून त्यानं प्रत्येक वेळी रजा टाकायची असं केलं तर वर्षात त्याच्या रजा संपतात आणि माझ्या सुट्ट्या उरतात. मग दिवाळीत मी घरी आणि तो भट्टीवर. त्याच्या रजा आम्ही मोठ्या सुट्टीसाठी ठेवतो.

दुसरं, घरात पाहुणी म्हणून वावरू नका, आणि तपासनीस म्हणूनही. महिनाभर तो त्याच्या पद्धतीनं राहिलेला असतो. गॅसच्या शेजारी तेलाची बाटली कुठं ठेवायची हे त्यानं ठरवलेलं असतं. चार दिवसांसाठी येऊन ती जागा बदलायची आणि निघून जायचं, याचा जो राग येतो तो मी त्याच्या जागी असते तर मलाही आला असता. उलट सासूबाई मला पहिल्या दिवशी ताटावरून उठू देत नसत, "दमून आलीस, बस." दोन-तीन वेळा बरं वाटतं. मग लक्षात येतं की घरात आपलं कामच उरलेलं नाही. आता मी आल्या आल्या एक काम ठरवून घेते: सकाळची भाजी मी आणणार, आणि रविवारचा तांबडा-पांढरा मी करणार. तो चांगला होत नाही असं त्यांचं म्हणणं आहे, पण खातात.

भेटवस्तूंचं वेळीच आवरा. प्रत्येक फेरीला चॉकलेटं आणलीत तर पोरं तुमच्या आधी बॅगेला भेटायला शिकतात. आम्ही वर्षातून एकदा, गणपतीत, सगळ्यांसाठी काहीतरी आणतो. बाकी वेळी रिकाम्या हातानं.

आणि गणपती म्हटलं की रजा. वार्षिक रजेचे अर्ज कितीतरी आधी भरावे लागतात, आणि सण इंग्रजी तारखेला येत नाहीत. पुढच्या वर्षीच्या तिथी अर्ज भरण्याआधी काढा. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबर. "गेल्या वर्षी ऑगस्टएंडला होती" म्हणून रजा टाकली की गौरी-गणपती तुमच्याशिवाय होतात. गणपती आणि दिवाळी दोन्ही मिळणं कठीण, दोघांनी मिळून एक निवडा आणि घरी आधीच सांगा. न मिळालेल्या सणाला रडत व्हिडिओ कॉल लावून आरतीभर सगळ्यांना फोनसमोर उभं करू नका. आपल्याला बघायचं असतं, पण तिकडं निरांजन कुणी धरायचं आणि फोन कुणी धरायचा यावरून गोंधळ होतो. आरती झाल्यावर फोन करा, सगळे मोकळे असतात.

स्टाफ तिकीट आणि व्हिसा

स्टाफ तिकीट स्वस्त, पण बहुधा सीट उरली तर. दिवाळी, मे महिना, नाताळ, या दिवसांत मुंबईची विमानं भरलेली. जाण्याआधी लोड, म्हणजे विमान किती भरलंय ते, बघायचं, आणि नवऱ्याला "येतेय" असं म्हणायचं नाही, "बघते" म्हणायचं. बहिणीचं लग्न, ऑपरेशन, बारसं, असं चुकवता न येणारं काही असेल तर सरळ पैसे भरून कन्फर्म तिकीट काढा.

मुंबईच्या टर्नअराउंडला जोडीदाराला विमानतळावर बोलवू नका. विमान तासभर उभं असतं, पण आपण त्यातून बाहेर पडत नाही. तेवढ्यात सफाई, तपासणी, जेवणाच्या ट्रॉल्या, पुढचे प्रवासी. मिळाली तर पाच मिनिटं फोन, तीही कधीकधी.

"लंडनला लेओव्हर आहे, तूही ये" हे सिनेमातच बरं. क्रू म्हणून आपल्याला बऱ्याच देशांत वेगळ्या नियमानं प्रवेश मिळतो, तो जोडीदाराला लागू नाही. अमेरिकेसाठी आपला सी-वन-डी व्हिसा असतो; नवऱ्याला पर्यटक म्हणून बी-वन-बी-टू काढावा लागेल, मुलाखतीची तारीख मिळवून. शिवाय लेओव्हर हॉटेलात पाहुणा चालतो का ते कंपनीला विचारा. हे सगळं करून तो आला आणि त्याच फ्लाइटवरून मला काढलं, असं होऊ शकतं. म्हणून आम्ही लेओव्हरवर भेटत नाही. तो वर्षातून एकदा दुबईला माझ्या रजेत येतो.

वाईट बातमी

घरी कागदावर लिहून फ्रिजला लावा: तुमचा स्टाफ नंबर, कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर, बेसवरच्या एका मैत्रिणीचा नंबर. तुम्ही हवेत असताना काही घडलं तर निरोप कंपनीमार्फत येतो, व्हॉट्सॲपमार्फत नाही.

ड्युटीच्या आधी वाईट बातमी सांगायची की नाही, यावर दोघांनी आधी बोला. बऱ्याच घरांत "तिला आत्ता सांगू नका, काळजी करेल" म्हणतात. मी नवऱ्याला सांगितलंय: लपवायचं नाही. पण मेसेज नको, फोन कर. ऐकून मी उडण्याच्या स्थितीत नसेन तर तसं कळवून ड्युटीवरून उतरेन. तशी सोय असते. उतरल्यावर चौदा तासांपूर्वीचं कळलं तर पुढच्या वेळी "सगळं ठीक" या त्याच्या शब्दावर मी विश्वास कसा ठेवू?

किती दिवस

हा प्रश्न नातेवाईक प्रत्येक लग्नात विचारतात. त्यांना काहीही सांगा. तुम्ही दोघांनी मात्र तो वर्षातून एकदा, मोठ्या रजेत, समोरासमोर बसून काढायचा. फोनवर नाही, आणि निघायच्या आदल्या रात्री तर नाहीच. आमच्या कागदावर नेहमी तेच तीन रकाने असतात: मी भारतातल्या कंपनीत बदलले तर पगार किती कमी होईल आणि बेस कुठला मिळेल, तो दुबईला आला तर त्याला तिथं काय काम मिळेल आणि कंपनीची खोली सोडून बाहेर घर घेतलं तर भाडं किती, आणि आहे तसंच अजून एक वर्ष. रकान्यांतले आकडे दर वर्षी नव्यानं काढतो, कारण कर्जाचे हप्ते बदललेले असतात, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलेलं असतं, त्याला बढती मिळालेली असते. यंदाही तिसरा रकाना निघाला. सासूबाईंना ते जेवणानंतर सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि विचारलं की मग पुढच्या वर्षी गणपती की दिवाळी.